‘चालत नाही’ म्हणजे नेमके काय?

इंदूरच्या रामबागेत राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिका दिवाळी अंकासाठी लेख मागवत होत्या. कोणाला स्मरणपत्र पाठवायचे, कोणाची मुद्रिते तपासायची, याची नोंद राहावी म्हणून त्यांनी संगणकावरील ईमेल प्रोग्रामला कामांच्या यादीचे एक ॲप जोडून घेतले. दोन दिवसांनी मेल उघडताच खिडकी नाहीशी होऊ लागली. लेखकांशी झालेला कित्येक वर्षांचा पत्रव्यवहार त्यातच होता. त्यांनी जुन्या विद्यार्थ्याला फोन केला, “अरे, मेल चालत नाही.” त्याने विचारले, “बाई, चालत नाही म्हणजे नेमकं काय होतं?”

हा प्रश्न तांत्रिक वाटतो, पण तो भाषेचा आहे. पंख्यापासून संगणकापर्यंत सगळ्यांसाठी आपण ‘चालत नाही’ हे एकच क्रियापद वापरतो. प्रोग्राम उघडतच नाही, उघडून गोठतो, की उघडून आपोआप बंद होतो? पत्रे दिसतात, पण नवी येत नाहीत? या चार तक्रारींची कारणे निरनिराळी असू शकतात. बाईंचा मेल उघडून कोसळत होता आणि तो ॲप जोडल्यानंतर कोसळू लागला होता. एवढ्या दोन वाक्यांनी शोधाची दिशा ठरली.

जोडलेले ॲप मूळ प्रोग्राम का पाडते? विंडोजवरील पारंपरिक आउटलुकमध्ये ‘कॉम ॲड-इन’ नावाची जोडणी मूळ प्रोग्रामच्या आतच चालते. एकाच मीटरवरच्या भाडेकरूसारखे हे असते. त्याच्या खोलीत शॉर्टसर्किट झाले, की सगळ्या घरात अंधार होतो. दोष शोधायची रीतही तीच. सगळे प्लग काढायचे आणि एकेक परत लावायचा.

१. प्रथम प्रोग्राम बंद ठेवून पत्रांच्या फाइलची प्रत दुसरीकडे काढावी. कामांची यादी कागदावर उतरवली तरी चालेल.

२. कंट्रोल कळ दाबून ठेवून आउटलुक उघडावे. तो ‘सेफ मोड’बद्दल विचारतो, होकार द्यावा. थंडरबर्डमध्ये शिफ्ट कळ दाबून ठेवावी. अशा वेळी जोडण्या बाजूला राहतात. आता प्रोग्राम टिकला, तर संशय जोडण्यांवर. तरीही कोसळला, तर पत्रांची फाइल किंवा मूळ प्रोग्राम तपासावा.

३. आउटलुकमध्ये ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘ॲड-इन्स’ येथे जाऊन खाली ‘कॉम ॲड-इन्स’ निवडावे. सगळ्या खुणा काढून एका वेळी एकच परत लावावी आणि दर वेळी प्रोग्राम नव्याने उघडावा. दोन एकदम लावल्या, तर दोषी कोण ते कळत नाही.

४. विंडोजच्या ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये ‘फॉल्टिंग मॉड्यूल नेम’ या शब्दांपुढे एका फाइलचे नाव असते. ते नाव हा धागा समजावा, निकाल नव्हे.

नेमके सांगण्याचे महत्त्व फेब्रुवारी २०१८ मध्ये दिसले. आयफोनवर संदेशांची काही ॲप्स एकाएकी कोसळू लागली होती. तेलुगू लिपीतील ‘ज्ञा’सारखे एक जोडाक्षर पडद्यावर येताच हे घडते, असे स्पष्ट झाले. त्याच महिन्यात ॲपलने आयओएस ११.२.६ ही सुधारित आवृत्ती दिली. ‘फोन बिघडला’ एवढेच सांगून ते अक्षर हाती लागले नसते.

बाईंच्या यादीतील एक खूण काढली आणि मेल टिकला. पत्रे सुखरूप होती. ॲप बनवणाऱ्यांना त्यांनी तीन वाक्ये लिहिली: मी काय केले, काय व्हायला हवे होते आणि काय झाले. शिक्षकांनी हा निबंधाचा विषय म्हणून द्यायला हरकत नाही. बिघाड कोणताही निवडावा, फक्त ‘चालत नाही’ हे शब्द वापरायचे नाहीत.