जुना मॅसी उभा करताना (लेखांक ११) : चाक हलतं, पण नेमकं काय हलतं?

गेल्या आठवड्यात क्राउन-पिनियनचा हिशोब संपवला. आता त्याच पेटीतून दोन्ही बाजूंना निघणाऱ्या एक्सलकडे वळू. जुन्या मॅसीचा मालक गॅरेजमध्ये शिरला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "मागचं चाक हलतंय, बेअरिंग टाकून द्या." मेकॅनिकही सहसा नाही म्हणत नाही. बेअरिंग, सील, मजुरी, सगळं बिलात बसतं. मग महिनाभराने चाक पुन्हा हलतं आणि दोष 'डुप्लिकेट' बेअरिंगच्या माथी जातो.

आधी आत काय आहे ते पाहू. १९४६ पासून कॉव्हेंट्रीत बनू लागलेल्या फर्ग्युसन टीई-२० ची ठेवण १९५६ साली आलेल्या ३५ ने पुढे चालवली. १९६० साली मद्रासला स्थापन झालेल्या टॅफेमुळे ती आपल्या शिवारात रुळली. काही ट्रॅक्टरांत असतं तसं बुल गिअरचं वेगळं रिडक्शन या जुन्या ३५ मध्ये नाही. एक्सल शाफ्टच्या बाहेरच्या टोकाला, ब्रेक ड्रमच्या मागे, एकच टेपर बेअरिंग. आतलं टोक डिफरन्शियलच्या गिअरमध्ये आट्यांवर बसलेलं. म्हणजे शाफ्टचा एक पाय बेअरिंगवर आणि दुसरा डिफरन्शियलवर. बाहेरचं बेअरिंग कितीही नवं घातलं, तरी डिफरन्शियलची बेअरिंगं किंवा आटे खाल्ले गेले असतील तर शाफ्ट डुलणारच.

तपासणी चाक जमिनीवर असतानाच सुरू होते. चाकाचे नट आवळा, मग डिस्क आणि रिम जोडणारे बोल्ट आवळा. हे हास्यास्पद वाटेल, पण इथे साधं गणित आहे. बेअरिंगपासून शाफ्टच्या आतल्या टोकापर्यंत अंतर दोन फुटांच्या आत-बाहेर, आणि १२.४-२८ टायरची त्रिज्याही जवळपास तेवढीच. त्यामुळे बेअरिंगमध्ये १ मिलिमीटर ढिलाई असेल तर टायरच्या माथ्यावरही साधारण तेवढीच दिसणार. टायर बोटभर डुलत असेल, तर एक तर बेअरिंगचा चुरा झालेला असला पाहिजे, आणि तसा झाला असता तर त्याने आवाज करून गाव गोळा केलं असतं. नाही तर दोष बोल्टच्या लांबट झालेल्या भोकांत आहे. तिथे नवं बेअरिंग घालून काय होणार?

मग पुढच्या चाकांना दगड लावा, मागचा भाग उचला आणि हाउसिंगखाली भक्कम घोडी द्या. नुसत्या जॅकवर कुणी खाली शिरू नये. चाक पुढे-मागे फिरवल्यावर जी ढिलाई जाणवते, ती क्राउन-पिनियन, डिफरन्शियल आणि आट्यांची. तिचा बेअरिंगशी संबंध नाही, आणि थोडी ढिलाई तिथे असावीच लागते. टायरखाली पहार घालून वर उचलताना हललं तर बेअरिंगची घासट, किंवा हाउसिंगच्या बोअरमध्ये सैल झालेला कप. चाक आत-बाहेर ढकलल्यावर हललं तर तो एंड प्ले. एकाने हलवायचं, दुसऱ्याने बॅटरी घेऊन सीलपाशी पाहायचं. शाफ्ट हलतोय की नुसतं चाक, हे तिथे कळतं.

एंड प्लेमध्ये या घराण्याची खरी गंमत आहे. दोन्ही शाफ्ट डिफरन्शियलच्या मध्याशी एकमेकांवर रेलतात. डावं चाक आत दाबलं की तो दाब उजव्या शाफ्टमधून उजव्या बेअरिंगवर जातो. म्हणून डाव्या आणि उजव्या बाजूचा असा वेगवेगळा प्ले नसतोच. दोन्हींचा मिळून एकच असतो. एका बाजूने हाउसिंगच्या तोंडाशी असलेली शिम काढली की दोन्ही बाजूंचा प्ले कमी होतो. हे ठाऊक नसलेला मेकॅनिक डावीकडची शिम काढतो, चाक घट्ट झालं म्हणून खूश होतो, मग सवयीने उजवीकडचीही काढतो. आता बेअरिंगं आवळली गेली. टेपर बेअरिंग थोडं सैल असलं तर कुरकुरत का होईना, चालतं. या एक्सलमध्ये आवळलेलं बेअरिंग मात्र तापतं आणि लवकर मरतं.

मोजमाप डायल गेजनेच करा. दोन्ही बाजूंचे बोल्ट पूर्ण आवळलेले हवेत, गेजचा काटा शाफ्टच्या तोंडावर टेकवायचा, शाफ्ट आत रेटायचा, बाहेर ओढायचा आणि फरक वाचायचा. इथला हिशोब थाऊमध्ये चालतो. एक थाऊ म्हणजे ०.०२५ मिलिमीटर. हाताच्या अंदाजाने ते कळत नाही, कुणी उस्ताद कितीही सांगो. आकडा आपल्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमधून घ्या आणि शिमा दोन्हीकडे साधारण सारख्या वाटा. शाफ्ट थोडाथोडा फिरवून पुन्हा मोजा. आकडा बदलत असेल तर शाफ्ट वाकलेला आहे किंवा बेअरिंग नीट बसलेलं नाही. सगळ्या शिमा काढूनही प्ले उरत असेल, तर शाफ्टची आतली टोकं झिजली आहेत. मग मधली पेटी उघडण्यावाचून गत्यंतर नाही.

बोअर सैल असेल तर पंचाने टोचे मारून कप घट्ट करण्याची आपल्याकडची युक्ती नको. चार उंचवट्यांवर कप किती दिवस धरणार? लेथवर बोअर मोठा करून स्लीव्ह बसवा. उसाच्या भरलेल्या ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला तर दुसरा इलाज नाही, कारण दोन चाकी ट्रॉलीचा बराच भार हुकातून याच एक्सलवर येतो.

शेवटची गोष्ट कॉलरची. बेअरिंगला शाफ्टवर धरून ठेवणारी ही कडी तापवून बसवलेली असते. काढताना तिला ड्रिलने भोक पाडून छिन्नीने फोडतात. गॅसने कापली तर शाफ्टला चटका बसतो. फोडलेल्या कॉलरला वेल्डिंग करून पुन्हा वापरणारे पाहिले आहेत. ती निसटली तर शाफ्ट चाकासकट हाउसिंगमधून बाहेर येतो, म्हणून इथे पैसे वाचवू नका. कॉलर नवीच घाला.

पुढच्या लेखांकात याच बाजूचे ब्रेक घेऊ. तोवर ड्रम काढून ठेवा, आणि लायनरवर तेल दिसलं तर पुसू नका. ते कुठून आलं, हे आधी पाहायचं आहे.