दवाखान्याच्या भिंती आणि जकातीचा पैसा

रमजानमध्ये जकातीचा हिशोब मांडताना अनेकांना एक प्रश्न पडतो. गरिबांसाठी दवाखाना बांधायला ही रक्कम दिली, तर जकात अदा होते का? पालघर-बोईसर-तारापूर पट्ट्यात तर हा प्रश्न अगदी दारातला आहे.

इथले दवाखाने कसे उभे राहिले, ते पाहण्यासारखे आहे. डोंगराकडच्या जव्हारमध्ये संस्थानी राजघराण्याची आठवण पतंगशहा कुटीर रुग्णालयाच्या नावात उरली आहे. १९६९ साली तारापूरचा अणुवीज प्रकल्प सुरू झाला, त्याच्या वसाहतीत कर्मचाऱ्यांसाठी रुग्णालय आले. औद्योगिक वसाहत वाढली, तसे बोईसरमध्ये कारखानदारांच्या ‘टिमा’ संघटनेच्या नावाचे रुग्णालय झाले. पालघर-बोईसर रस्त्यावर डॉ. एम. एल. ढवळे यांच्या स्मरणार्थ न्यासाने ग्रामीण होमिओपॅथिक रुग्णालय उभारले. कुठे राजा, कुठे सरकार, कुठे कारखानदार, कुठे शिष्यांचा न्यास. कोणीतरी आधी पुढे झाले, म्हणून या वास्तू झाल्या.

तरीही दुखणे मोठे असले की माणूस गाव सोडतो. २०१४ च्या १ ऑगस्टला पालघर जिल्हा झाला. तोवर जिल्ह्याचे सरकारी रुग्णालय म्हणजे ठाणे. आजही कोणी सिल्वासा गाठतो, कोणी वलसाड, कोणी लोकलने मुंबई. रुग्णासोबत घरातला कमावता माणूस जातो आणि त्या दिवसांची मजुरी बुडते.

इस्लामच्या इतिहासात रुग्णसेवेची सुरुवात मशिदीच्या अंगणातून झालेली दिसते. खंदकच्या लढाईत, इ.स. ६२७ मध्ये, हजरत रुफैदा यांचा तंबू मदिनेच्या मशिदीत होता. जखमी हजरत सअद बिन मुआज यांची शुश्रूषा तिथेच झाली. पुढे १२८४ मध्ये कैरोत सुलतान कलावून यांनी मोठा बीमारिस्तान बांधला. त्याच्या खर्चासाठी मिळकती वक्फ केल्या होत्या. त्यांच्या उत्पन्नातून उपचार मोफत होत आणि हा दवाखाना शतकानुशतके चालला.

सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. कुरआनातील सूरह तौबामध्ये जकातीचे आठ हकदार सांगितले आहेत. बहुसंख्य फिकह-पंडितांच्या मते गरिबाचा वाटा त्याच्या मालकीचा व्हायला हवा. यालाच तमलीक म्हणतात. म्हणून जकातीतून इमारतीच्या भिंती उभारता येत नाहीत. मात्र हकदार रुग्णाच्या हाती औषधाचे, शस्त्रक्रियेचे किंवा प्रवासाचे पैसे देता येतात. त्याच्या संमतीने त्याचे बिलही भरता येते. भिंती, खाटा आणि यंत्रे यांच्यासाठी मार्ग आहे तो वक्फ आणि सदका-ए-जारियाचा. जकात आजच्या रुग्णाला उभे करते, वक्फ उद्याच्या रुग्णासाठी दार उघडे ठेवतो. दोन्हींची गरज आहे आणि एकाचा पैसा दुसऱ्यात मिसळू नये.

जकात देण्याआधी आणखी एक गोष्ट पाहावी. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार राज्यातील धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका घेऊन तिथल्या समाजसेवा विभागाकडे जाता येते. हा हक्क माहीत नसल्याने अनेक कुटुंबे कर्ज काढतात. मोहल्ल्यातल्या एखाद्या शिकलेल्या तरुणाने अशा कुटुंबासोबत जाऊन कागद पुरे केले, तर तीही खिदमतच.

आजाऱ्याला रोजाची सवलत आहे, बरे झाल्यावर ते रोजे पूर्ण करता येतात. उपचाराला मात्र उद्यावर ढकलता येत नाही. तेव्हा यंदा इफ्तारच्या दस्तरखानाची यादी करताना शेजारच्या आजाऱ्याचे नावही त्यात लिहावे.