डावऱ्या हाताची सम

गेल्या महिन्यात सांबऱ्यास जाण्याचा योग आला. धाकटी बहीण तेथे दिलेली आहे. निपाणी ओलांडून तवंदीचा घाट चढू लागलो, तरी माझे मन एका जुन्या अपराधाशी अडखळत होते.

आमचे तीर्थरूप संस्थानच्या दरबारी तबलावादक होते. १९४९ साली संस्थान विलीन झाले, तेव्हा ते ऐन विशीत होते. मी त्यांचे उतारवयातले अपत्य. बैठकीचे नियम त्यांनी मला घालून दिले आणि तेच मी शिकवणीत पुढे चालविले. सहा वर्षांपूर्वी भाचा सुट्टीत तबला शिकावयास आला. पोर डावरे. बसताच त्याने तबला डावीकडे अन् डग्गा उजवीकडे ओढून घेतला. मी जोडी पूर्ववत ठेवली. त्याने पुन्हा फिरविली. तिसऱ्या खेपेस मी त्याच्या डाव्या हातावर पट्टी मारली. दुसऱ्या दिवशी तो शिकवणीस बसला नाही, आणि पुन्हा कधीच बसला नाही.

आता तो सोळा वर्षांचा आहे. हवाई दलातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांपाशी तो मुष्टियुद्ध शिकतो. परसात आंब्याला चिंध्या भरलेले पोते टांगले आहे. मी बघत उभा राहिलो, तसा तो म्हणाला, "मामा, समोर या. मारत नाही, दाखवतो."

उजवा खेळाडू डावा पाय व डावा हात पुढे ठेवतो. डावरा नेमका उलट. म्हणून दोघांचे पुढचे पाय एकमेकांस भिडतात, आणि मागच्या जोरकस हातांना सरळ वाट मिळते. हा दरवाजा दोघांनाही उघडा असतो. "म्हणून उस्तादांनी आधी बचावच शिकवला," भाचा म्हणाला. हनुवटी खाली, डावी मूठ गालाशी. उजवे कोपर बरगडीला चिकटलेले; कारण यकृत उजवीकडे असते, आणि डावऱ्याची तीच बाजू प्रतिस्पर्ध्याच्या जवळ येते. पुढचे पाऊल समोरच्याच्या पावलाबाहेर ठेवायचे, आणि सरकायचे आपल्या उजवीकडे, म्हणजे त्याच्या उजव्या हातापासून दूर. भुलून डावीकडे सरकला, की त्या ठोशाच्या तोंडीच गेला.

मग जवाबी ठोसा. समोरच्याचा डावा हात आला की डोके थोडे उजवीकडे काढायचे. ठोसा कानाजवळून जातो, आणि त्याच क्षणी आपला डावा हात सरळ सुटतो. दुसरी रीत अशी, की वजन मागच्या पायावर घेऊन ठोसा हातभर दूर संपू द्यायचा आणि त्याचा हात परतण्याआधी आपला पोचवायचा. तो अंगावर धावून आला तर पुढच्या पायावर गिरकी घेत उजव्या हाताचा आडवा ठोसा द्यायचा.

"घाई केली की फसलं, मामा. उशीर केला तरी फसलंच."

हे तर मी रोज शिकवतो! उपज कितीही लांबवावी; मुखडा उचलण्याचा क्षण मात्र एकच असतो. तो हुकला की सम हुकली. युक्रेनच्या लोमाचेन्कोला त्याच्या वडिलांनी लहानपणी काही वर्षे मुष्टियुद्ध सोडवून लोकनृत्य शिकविले होते. हा डाव्या पवित्र्याने लढणारा गडी २००८ व २०१२ अशा दोन ऑलिंपिकांत सुवर्णपदके घेऊन गेला. आपली मेरी कोमही याच पवित्र्याची. २०१२ साली लंडनला तिने कांस्यपदक मिळविले. उलटा पवित्रा त्यांच्या आड आला नाही.

आपल्या जुन्या घरांतून डाव्या हाताने घास घेतला, पाटीवर लिहिले, की मुलाच्या हातावर चापट बसे. आम्ही त्यास वळण म्हणत होतो. ज्या हाताला मी पट्टी मारली, त्याच हातावर त्या पोराचा सारा भरवसा आहे, हे मला परसात उभे राहून कळले.

रात्री बहिणीने माळ्यावरची जोडी काढली. मी ती त्याच्यापुढे मांडली. तबला डावीकडे, डग्गा उजवीकडे. तो माझ्या तोंडाकडे पाहू लागला.

"चुकलं होतं माझं," मी म्हणालो.

त्याने त्रितालाचा ठेका धरला. बोल कच्चे होते, लय मात्र हलली नाही. सोळा मात्रा फिरून तो समेवर आला, तेव्हा मान माझीच हलली.

आता माझ्या शिकवणीत एक जोडी उलटी मांडलेली असते. परवापासून तिच्यावर आठ वर्षांची एक मुलगी बसते.