पिल्लाला हात लावण्याआधी

उबवणी यंत्रातल्या अंड्याला २१व्या दिवसाच्या सुमारास बारीक टोच पडते, आतून चिवचिव ऐकू येते आणि मग तासन्‌तास काहीच हालत नाही. अशा वेळी नखाने टरफल उकलून पिल्लाला मोकळं करण्याचा मोह होतो आणि तो बहुधा पिल्लाच्याच जिवावर बेततो. कारण आत काम चालूच असतं. रुंद टोकाकडच्या हवेच्या पोकळीत चोच घालून पिल्लू फुफ्फुसांनी श्वास घेऊ लागलेलं असतं. तोवर प्राणवायू पुरवणाऱ्या, टरफलालगतच्या रक्तवाहिन्या आटत जातात आणि उरलेला बलक पोटात ओढला जातो. टोच पडल्यावर बाहेर यायला १२ ते २४ तास सहज लागतात. घाईने पडदा फाडला तर रक्त वाहतं किंवा बलकाची पिशवी बाहेरच राहते. उपाशी मरेल ही भीतीही फोल आहे. त्या बलकावर पिल्लू दोन-तीन दिवस काढतं, म्हणून तर एक दिवसाची पिल्लं खोक्यांतून दूरवर पाठवता येतात.

यावर कोणी म्हणेल, खुडूक कोंबडी कुठे टरफल सोलते? दुबळं असेल ते जाऊ द्यावं. पण कोंबडीच्या अंगाखाली ऊब आणि ओल आपसूक सांभाळली जाते, यंत्रात ती जबाबदारी माणसाची. १८व्या दिवसानंतर अंडी फिरवणं थांबवून आर्द्रता ६५-७० टक्क्यांपर्यंत न्यावी लागते. पाण्याचं भांडं कोरडं पडलं किंवा ‘बघू तरी’ म्हणत झाकण चारदा उघडलं, की पडदा वाळून चिवट होतो आणि धडधाकट पिल्लूही त्यात आवळलं जातं. चूक आपली असताना शिक्षा पिल्लाला देणं हा निसर्गनियम नव्हे.

म्हणून टोच पडून २४ तास उलटले, पुढे चीर सरकत नाही आणि कडेचा पडदा पिवळट-तपकिरी, कोरडा दिसतो, तरच हात घालावा. कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने, चोच वाचवून, पडदा भिजवावा आणि रुंद टोकाकडचं टरफल कणाकणाने काढावं. लाल रेघ किंवा रक्ताचा थेंब दिसला की थांबून अंडं परत यंत्रात ठेवावं. शेवटची धडपड पिल्लावरच सोडावी.

सोडवलेली पिल्लं पुढे जगत नाहीत, हा आक्षेप काही अंशी खरा आहे. मुळातच व्यंग असलेलं पिल्लू मदतीने सुधारत नाही आणि त्याच्यापासून पैदासही घेऊ नये. पण एकाच खेपेत अनेक पिल्लं अडकली, तर तपासायचं ते यंत्र. एकेक पिल्लू सोडवत बसण्यापेक्षा पुढच्या खेपेची आर्द्रता सुधारली, तर बहुतेकांना मदत लागणारच नाही.