खुणांचे कुंपण

विकिपीडिया या मुक्त ज्ञानकोशात कोणासही लेखन करता येते, हे आपण ऐकले असेलच. परंतु २००१ साली तो सुरू झाल्यापासून दीर्घकाळ या ‘कोणासही’ला एक अट चिकटलेली होती. शब्द ठळक करावयाचा तर दोन्ही बाजूंस तीन-तीन एकेरी अवतरणचिन्हे. दुसऱ्या लेखाशी जोडावयाचा तर दुहेरी चौकोनी कंस. तक्ता म्हणजे तर महिरपी कंस आणि उभ्या रेघांचे रानच! इंदूरच्या वा बडोद्याच्या एखाद्या गृहिणीस गावचा इतिहास मुखोद्गत असला, तरी हे रान पाहून ती मागे फिरली तर नवल काय?

२०१३ साली कोशाने ‘दृश्य संपादक’ पुढे आणला. त्यात ठळक अक्षर ठळकच दिसते. खुणा यंत्रच पडद्याआड लिहिते. इंग्रजी कोशात जुलैमध्ये तो सर्वांपुढे ठेवताच मुरलेले लेखक मात्र संतापले. पान उघडण्यास विलंब होई, मजकुरात नको त्या खुणा शिरत. सप्टेंबरात तो ऐच्छिक करावा लागला. त्यांचा राग अनाठायी नव्हता. बिघडलेला मजकूर निस्तरणे त्यांच्याच वाट्यास येत होते.

पुढे पुष्कळ दोष दूर झाले. वाचकहो, आता पेन्सिलीच्या चित्रावर बोट टेकताच आपणांस एका पद्धतीतून दुसरीत जाता येते.