साहेब, एवढं ठेवून घ्या!

या पानावर आपण एरवी टोमॅटोवरील करपा, कांद्यावरील फुलकिडे, द्राक्षाची छाटणी असे विषय घेतो. आज औषधाचे प्रमाण सांगायचे नाही. आज बोलायचे आहे ते पिशवीबद्दल.

आपण तालुक्याच्या कार्यालयात येता तेव्हा एका पिशवीत सातबारा, आठ-अ, आधारची झेरॉक्स, बँकेचे पासबुक असे कागद असतात. पुष्कळदा दुसऱ्या हातात आणखी एक पिशवी असते. नारायणगाव-ओतूरकडचा शेतकरी असेल तर तिच्यात टोमॅटो, काकडी, हंगामात द्राक्षे. आपटाळे, इंगळून, घाटघरकडचा असेल तर हातसडीचा तांदूळ, नाचणी, गावठी अंडी. काम झाले की, आणि कधी कधी काम व्हायच्या आधीच, ही पिशवी हळूच टेबलाच्या पायाशी ठेवली जाते. "साहेब, घरचंच हाय. एवढं ठेवून घ्या."

आता यात लाच कुठली आणि माया कुठली, हे ओळखायचे कसे? कायद्याचे पुस्तक एका बाजूला आणि मळ्यातल्या माणसाचे मन दुसऱ्या बाजूला, अशी आम्हा खालच्या कर्मचाऱ्यांची रोजची ओढाताण असते. सरकारी नोकरांसाठी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ आहेत. त्यात भेटवस्तूंबाबत स्पष्ट लिहिले आहे की, कर्मचाऱ्याने स्वतः घ्यायची नाही, कुटुंबातील माणसाने घ्यायची नाही आणि त्याच्या वतीने दुसऱ्या कोणीही घ्यायची नाही. म्हणजे "वहिनींकडे देऊन आलो" ही पळवाटही बंद. मात्र सहज झालेले जेवण, गाडीवरून सोडणे, साधा पाहुणचार याला नियम भेट धरत नाही. पण ज्याचे काम आपल्याकडे आहे त्याच्याकडचा भारी किंवा वारंवारचा पाहुणचार टाळावा, असेही तेच नियम सांगतात.

माझ्यापुरता मी हिशेब सोपा ठेवला आहे. बांधावर गेलो की चहा घेतो, भाकरीची वेळ असेल तर भाकरीही खातो. शेतकऱ्याच्या घरचा चहा नाकारणारा माणूस शेतकऱ्याला सल्ला काय देणार? पण कार्यालयात आलेली पिशवी परत जाते. त्यातही अर्ज प्रलंबित असताना आलेली तर नक्कीच. पश्चिम भागातील एक आजी डझनभर अंडी घेऊन पंचवीस किलोमीटर एसटीने आल्या होत्या. परत न्या म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. "गरिबाचं चालत नाय व्हय रं बाबा?" याचे उत्तर कुठल्याही नियमात सापडत नाही. त्यांना म्हटले, आजी, अंडी बाजारात विका, तुमच्या गावाला फेरीला येईन तेव्हा चहा पाजा. त्या गेल्या, पण रुसूनच गेल्या.

हे दुखणे आजचे नाही. शिवनेरी ज्यांचे जन्मस्थान, त्या छत्रपतींनी राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणजवळच्या छावणीतील आपल्या अंमलदारांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. दाणा, वैरण, भाजी जे लागेल ते बाजारात पैसे देऊन विकत घ्या, रयतेच्या घरात शिरून उचलू नका, नाही तर यापेक्षा मोगल बरे असे कुणबी म्हणतील, असा त्याचा आशय आहे. पुढे १८८३ मध्ये महात्मा फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. अडाणी शेतकऱ्याला कचेरीतले कामगार कसे नागवतात, हे त्यांनी त्यात फोडून सांगितले आहे. त्यांच्या सत्यशोधक समाजाचे आपल्या भागातील खंदे कार्यकर्ते म्हणजे ओतूरचे भाऊ कोंडाजी पाटील डुंबरे. तेव्हा या विषयावर बोलणे जुन्नरकरांना नवीन नाही.

नाणेघाटात आपण सर्वांनी तो दगडी रांजण पाहिला आहे. व्यापाऱ्यांची जकात त्यात जमा होत असे, असे सांगतात. जकात उघड्यावर, सगळ्यांच्या देखत. सरकारी शुल्क आणि लाच यातला फरक एवढाच. शुल्काची पावती मिळते. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन पंधरा रुपयांत निघतो आणि त्या पंधरा रुपयांचीही नोंद राहते. ज्या पैशाची पावती मागितल्यावर समोरचा गप्प होतो किंवा हसतो, तो पैसा कसला आहे हे समजून घ्यावे.

काम अडते कुठे?

बहुतेक वेळा शेतकरी पैसे देतो ते न झालेल्या कामासाठी नाही, तर होणारच असलेल्या कामासाठी. हे नीट लक्षात घ्या. फेरफाराचे उदाहरण घेऊ. नोंद धरल्यावर हितसंबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस थांबावेच लागते. ही मुदत तलाठी भाऊसाहेबांनाही कमी करता येत नाही (आता त्यांचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी झाले आहे). पण मधला कोणी तरी येऊन सांगतो, "हजार सोडा, लवकर करून देतो." पंधरा दिवसांनी नोंद मंजूर होते. शेतकऱ्याला वाटते, पैशाने काम झाले. खरे तर काम मुदतीने झालेले असते.

ठिबकचेही तसेच. अल्प व अत्यल्प भूधारकांना केंद्राच्या योजनेतून ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के अनुदान आहे. राज्याच्या पूरक अनुदानासह ते अनुक्रमे ८० व ७५ टक्क्यांपर्यंत जाते. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर, मग निवड, पूर्वसंमती, त्यानंतर खरेदी, बिल अपलोड, मोका तपासणी आणि शेवटी पैसे थेट आधार जोडलेल्या खात्यात. यात अडकण्याची खरी कारणे बघा. सातबाऱ्यावर 'दत्तात्रय', आधारवर 'दत्तू'. विहीर आहे पण सातबाऱ्यावर तिची नोंद नाही. पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचे बिल. खाते आहे, पण आधारशी जोडलेले नाही. आणि पुष्कळदा वरून निधीच आलेला नसतो. यातले एकही कारण नोटेने सुटत नाही. नाव दुरुस्तच करावे लागते, खाते जोडावेच लागते, निधीची वाट बघावीच लागते.

तरीही पैसे जातात. कोणाकडे? एकदा मोका तपासणीला मळ्यात गेलो. नळ्या मोजल्या, फोटो काढले. निघताना शेतकरीदादा म्हणाले, "साहेब, तुमचे दोन हजार दुकानात दिलेत बरं का, मिळाले ना?" मी उडालोच. माझ्या नावावर दुसराच कोणी वसुली करत होता! तिथल्या तिथे त्यांच्याच फोनवरून दुकानदाराला विचारायला लावले. दोन दिवसांत पैसे परत आले. मी म्हटले, तक्रार द्या. दादा म्हणाले, "तक्रार नको साहेब. खतं-औषधं सगळी त्याच्याकडंच उधारीवर असतात. टोमॅटोचे पैसे झाले की भागवतो. त्यानं उधारी बंद केली तर पुढची लागण कशावर करू?"

लाचलुचपतीवर भाषणे पुष्कळ होतात, पण या उधारीबद्दल कोणी बोलत नाही. ज्याच्यावर हंगाम अवलंबून आहे, त्याच्याविरुद्ध शेतकऱ्याने उभे राहावे ही अपेक्षा शहरातल्या माणसाला सोपी वाटते. म्हणून मी गावातल्या बैठकीत एवढेच सांगतो की, साहेबांच्या नावाने कोणी पैसे मागितले तर साहेबांनाच समोरासमोर विचारा. साहेब स्वच्छ असेल तर तो तुमचे आभार मानेल. नसेल तर तेही चेहऱ्यावर कळेल. सरकारी माणसावर वजन टाकतो म्हणून पैसे घेणारा मध्यस्थ हा २०१८ च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात स्वतंत्र गुन्हेगार आहे, हेही सांगून ठेवतो.

तेहतीस टक्क्यांची रेषा

सर्वांत अवघड परीक्षा गारपीट-अवकाळीनंतरच्या पंचनाम्याची. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहाय्यक असे तिघे मिळून पाहणी करतात. मदत मिळते ती ३३ टक्के व त्याहून जास्त नुकसानीला. २०१५ पूर्वी ही अट ५० टक्क्यांची होती. आता विचार करा, एका बांधाच्या अलीकडे ३० आणि पलीकडे ३५ असा अंदाज आला तर? दोन आकड्यांच्या मध्ये हजारो रुपये उभे असतात. अशा वेळी खिशाकडे हात जातो आणि तो केवळ धनदांडग्याचा नसतो, पीक झोपलेल्या साध्या शेतकऱ्याचाही असतो. कधी सरपंच येतात, "आपल्या माणसाचं जरा बघा." रोख नसते, शब्द असतो. पण शब्दाचेही वजन पडतेच.

इथे वाढवून लिहिलेल्या आकड्याने सरकार बुडते असे समजू नका. गावातले आकडे फुगले की वरच्या तपासणीत सगळ्या गावावर संशय येतो आणि खरा नुकसानग्रस्त ताटकळतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम भागात हिरड्याचे मोठे नुकसान झाले. त्या भरपाईसाठी आदिवासी शेतकऱ्यांना वर्षानुवर्षे पाठपुरावा करावा लागला. ज्यांच्याकडे देण्यासारखे काही नव्हते, त्यांच्या वाट्याला थांबणे आले. ग्रामपंचायतीच्या मंडळींना विनंती आहे की, पंचनाम्याची यादी नाव, गट नंबर व क्षेत्रासह चावडीवर लावा. शेजारी वाचतो म्हटले की लिहिणाऱ्याचाही हात सरळ चालतो.

दिवाळीची भेट

आतापर्यंत शेतकऱ्याकडून येणाऱ्या पिशवीचे झाले. कंपन्यांकडून येणारी पिशवी वेगळी. ती मोठी असते आणि तिच्यात अंडी नसतात. दिवाळीला मिठाईचा खोका, त्याखाली पाकीट. विक्रेत्यांना परदेशाच्या सहली. सल्ला देणाऱ्यालाही विचारणा होते, "साहेब, चर्चासत्रात आमच्या टॉनिकचं नाव तेवढं घ्या." हीच भेट मला सगळ्यात घातक वाटते, कारण तिची किंमत शेतकरी भरतो आणि त्याला ती कधी दिसतही नाही. गरज नसलेली फवारणी, चढ्या भावाचे नाव, आणि बाजारात क्रेटला भाव नसताना वाढलेला खर्च.

यावर साधा उपाय आहे. सल्ला घेताना ब्रँडचे नाव नको, सक्रिय घटकाचे नाव विचारा. मॅन्कोझेब हे एकच बुरशीनाशक अनेक नावांनी मिळते, घटक आणि प्रमाण वाचून भावाची तुलना करा. लेबलवर आपले पीक आणि आपला रोग आहे का ते बघा. बॅच नंबर असलेले पक्के बिल घ्या. घटकाचे नाव सांगायला जो टाळाटाळ करतो, मग तो विक्रेता असो की आमच्या खात्याचा, त्याच्या सल्ल्याला थोडे थांबून घ्या.

तक्रार कशी होते?

भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ चा आहे. लाच घेणाऱ्याला किमान तीन व जास्तीत जास्त सात वर्षे कैद आणि दंड. नुसती मागणी केली, पैसे घेतलेच नाहीत, तरी गुन्हा होतो. सरपंचही या कायद्यात लोकसेवक आहेत. २०१८ पासून लाच देणाराही गुन्हेगार ठरतो, त्यालाही सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. हे ऐकून घाबरून गप्प बसू नका, कारण सक्तीने द्यावी लागली असेल आणि सात दिवसांच्या आत कळवले तर देणाऱ्याला संरक्षण आहे. आधीच कळवून सापळ्यासाठी पैसे दिले तर प्रश्नच नाही.

लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४. तक्रार दिल्यावर आधी मागणीची पडताळणी होते, बहुधा आवाज ध्वनिमुद्रित करून. मग नोटांना फिनॉल्फ्थॅलिनची पावडर लावतात. घेणाऱ्याची बोटे सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवली की पाणी गुलाबी होते. पंच म्हणून दुसऱ्या खात्यांतले सरकारी कर्मचारीच बोलावतात, त्यामुळे आमच्यापैकी अनेकांना हे गुलाबी पाणी जवळून माहीत आहे. सापळ्यात वापरलेली रक्कम तक्रारदाराला परत मिळते. पुढे कोर्टात तक्रारदार फिरला किंवा हयात नसला तरी परिस्थितीजन्य पुराव्यावर मागणी सिद्ध होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डिसेंबर २०२२ मध्ये सांगितले आहे.

प्रत्येक अडवणुकीला सापळाच लागतो असेही नाही. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवांना मुदत ठरवून दिली आहे. मुदत टळली तर त्याच खात्यात अपील करता येते आणि दोषी अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. त्यासाठी अर्जाची पोच हवी. आपले लोक अर्ज देतात आणि पोच न घेताच एसटी पकडतात! सेवा, शुल्क, मुदत आणि अधिकाऱ्याचे पदनाम लिहिलेला फलक कार्यालयात लावणे बंधनकारक आहे. पुढच्या वेळी आलात की तो फलक आधी शोधा. सापडला नाही तर आत येऊन विचारा, तो का लावला नाही.