दोन तापमानांमधील टक्केवारी-बदल : मापनश्रेणीच्या दृष्टीने विवेचन

भूगोल, कृषी व पर्यावरणशास्त्र या विषयांतील संशोधन प्रकल्पांच्या तक्त्यांत पर्जन्यमान, पीक उत्पादन आणि तापमान यांचे स्तंभ शेजारी शेजारी येतात व अखेरीस ‘टक्केवारीतील बदल’ हा स्तंभ जोडला जातो. अंतिम मूल्यातून आरंभीचे मूल्य वजा करून फरकाला आरंभीच्या मूल्याने भागावे व १०० ने गुणावे, हे सूत्र सर्वपरिचित आहे. पर्जन्यमान व उत्पादन यांना ते निर्विवादपणे लागू पडते. तापमानाबाबत मात्र भागाकारापूर्वी मोजपट्टीचे शून्य कोठे आहे, हे पाहणे आवश्यक ठरते.

पहाटेचे तापमान २० अंश सेल्सिअस व दुपारचे ४० अंश सेल्सिअस आहे असे मानू. सूत्रानुसार वाढ १०० टक्के येते. हीच तापमाने फॅरनहाइटमध्ये ६८ व १०४ होतात आणि वाढ सुमारे ५२.९ टक्के ठरते. केल्विनमध्ये ती २९३.१५ व ३१३.१५ असून वाढ केवळ ६.८ टक्के भरते. ऊन तेच, उत्तरे मात्र तीन! आरंभीचे तापमान शून्य अंश सेल्सिअस असल्यास भागाकारच करता येत नाही. उणे ५ वरून अधिक ५ अंशांपर्यंत तापमान चढले, तर सूत्र चक्क २०० टक्के घट दाखविते.

या विसंगतीचे कारण एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९४६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडलेल्या मापनश्रेणींच्या वर्गीकरणातून स्पष्ट होते. सेल्सिअस ही अंतराल मापनश्रेणी आहे. तिचे शून्य म्हणजे उष्णतेचा अभाव नव्हे, तर संकेताने ठरविलेला बिंदू होय. खुद्द आंद्रेस सेल्सिअस यांनी १७४२ मध्ये पाण्याच्या उत्कलनबिंदूस ० व गोठणबिंदूस १०० मानले होते. कालगणनेचेही असेच आहे. इसवी सन १००० ते २००० या काळात सनाचा आकडा १०० टक्क्यांनी वाढला म्हणावे, तर शके ९२२ ते १९२२ या त्याच काळात तो सुमारे १०८ टक्क्यांनी वाढला असे म्हणावे लागेल.

विल्यम थॉमसन म्हणजेच लॉर्ड केल्विन यांनी १८४८ मध्ये मांडलेल्या केवल तापमानाच्या कल्पनेवर आधारलेली केल्विन श्रेणी ही गुणोत्तर मापनश्रेणी आहे, म्हणून ६.८ टक्के या आकड्यास भौतिक अर्थ आहे. बंद, ताठ पात्रातील आदर्श वायूचा दाब २० वरून ४० अंशांपर्यंत तापविल्यास नेमका तितकाच वाढतो. कृष्णवस्तूचे उत्सर्जन केवल तापमानाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात असल्याने ते मात्र सुमारे ३० टक्क्यांनी वाढते. तथापि पिकाला किंवा मनुष्यदेहाला जाणवणारा उन्हाळा या ६.८ मधून मुळीच व्यक्त होत नाही. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या निकषात मैदानी प्रदेशातील उष्णतेच्या लाटेसाठी किमान ४० अंश सेल्सिअस कमाल तापमान व सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांची वाढ अशी भाषा आहे. २०१५ च्या पॅरिस करारातील मर्यादाही अंशांतच आहेत.

तापमानांच्या फरकांना मात्र टक्केवारी लावता येते. दैनिक कमाल-किमान तापमानांतील फरक १० वरून १५ अंश सेल्सिअस झाला, तर फॅरनहाइटमध्ये तो १८ वरून २७ होतो. वाढ दोन्हीकडे ५० टक्केच.

याउलट विचरण गुणांकात हा दोष लपून राहतो व म्हणूनच तो अधिक घातक आहे. सरासरी २५ व प्रमाण विचलन ५ अंश सेल्सिअस असता गुणांक २० टक्के येतो; फॅरनहाइटमध्ये सरासरी ७७, विचलन ९, गुणांक ११.७ टक्के. थंड प्रदेशात सरासरी शून्याजवळ येताच तो अवाढव्य फुगतो आणि तेथील हवामान विलक्षण चंचल असल्याचा निष्कर्ष निघतो. अशा तक्त्यात प्रमाण विचलन अंशांतच द्यावे. पर्जन्यमानाच्या गुणांकाशी त्याची तुलना करू नये.